निवेदन आणि श्रवण : मनःक्लेशाच्या काळातील संवादाचा विचार



१. प्रसंग

गेल्या पावसाळ्यात आजरा (जि. कोल्हापूर) येथे आमचा काही दिवस मुक्काम होता. हिरण्यकेशी दुथडी भरून वाहत होती, रामतीर्थाचा परिसर पाण्याच्या घोषाने भरून गेला होता आणि सभोवारच्या शिवारात घनसाळ भाताची लावण चालली होती. सायंकाळी निरूपणास जी थोडी मंडळी जमत, त्यांत सत्तरीच्या घरातील एक गृहस्थ असत. तरुणपणी ते मुंबईस कापडगिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गावी परतले आणि शेती करू लागले. निरूपण संपले, मंडळी उठली, तरी ते बसून राहत. पहिल्या दिवशी त्यांनी एवढेच सांगितले की झोप येत नाही, अन्न गोड लागत नाही, छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटते.

आम्ही त्यांस तत्काळ उपाय सांगितला. पहाटे उठावे, नामस्मरण करावे, नित्य एक लीळा वाचावी आणि चिंता ईश्वराधीन करून स्वस्थ असावे. गृहस्थांनी मान डोलावली. पुढे चार दिवस ते येत राहिले, आणि प्रतिदिवशी आम्ही तेच अधिक विस्ताराने सांगत राहिलो. पाचव्या दिवशी ते आले नाहीत. सहाव्या दिवशी त्यांच्या पत्नी आल्या, दाराशी उभ्या राहून दंडवत केला आणि म्हणाल्या, "बाबा, तुमी सांगितलंसा त्ये समदं केलं त्येंनी. पर त्येंस्नी बी कायतरी सांगायचं हुतं."

हे वाक्य ऐकून आम्ही निरुत्तर झालो. तीस वर्षे शास्त्राध्ययन केलेल्या मनुष्यास जे उमगले नाही, ते त्या माउलीने एका वाक्यात सांगितले. प्रस्तुत लेख त्या वाक्यावरचे विवेचन आहे. क्लेशात असलेल्या मनुष्याने आपले दुःख दुसऱ्यापाशी बोलावे काय. बोलल्याने मनास आराम पडतो तो कशाने. आणि सर्वच बोलणे हितकारक असते काय, या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

२. पूर्वपक्ष आणि त्याचे निरसन

प्रथम पूर्वपक्ष मांडू. आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे : सुख सांगावे जना, दुःख सांगावे मना. या म्हणीच्या आधारे कित्येक विचारी माणसे म्हणतात की दुःख बोलून दाखवणे हे दुबळेपणाचे लक्षण होय. लोक ऐकतात ते करमणुकीसाठी, आणि आज सांगितलेली गोष्ट उद्या चावडीवर जाते. दुसरा आक्षेप साधकांकडून येतो. ते म्हणतात, दुःख हे कर्मफळ आहे, ते भोगल्यावाचून सरत नाही, मग मनुष्यापाशी सांगून काय लाभ? जे सांगावयाचे ते परमेश्वरास सांगावे. तिसरा आक्षेप असा, की आपल्या मार्गात एकांत व विजन यांस महत्त्व आहे. साधकाने जनसंग टाकावयाचा, तो वाढवावयाचा नाही.

या आक्षेपांचे निरसन असे. म्हणीत जे सांगितले आहे तो अपात्र श्रोत्याविषयीचा इशारा आहे. कोणाही पुढे दुःख उघडे करू नये हे खरेच. परंतु त्यावरून कोणापुढेच करू नये असे निष्पन्न होत नाही. भांडे फुटके असेल तर त्यात दूध ओतू नये, एवढेच त्या म्हणीचे तात्पर्य.

दुसऱ्या आक्षेपाविषयी असे म्हणता येईल की, ज्वर हाही कर्मफळच मानला तरी ज्वर आलेल्या मनुष्यास आपण पाणी नाकारीत नाही. आजारी भक्तजनांची सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी विचारपूस केली, त्यांस पथ्यपाणी सांगितले, अशा लीळा अभ्यासकांस परिचित आहेत. शरीराच्या व्यथेस जो न्याय लावावयाचा, तोच मनाच्या व्यथेस लावणे युक्त होय.

तिसरा आक्षेप सूक्ष्म आहे. एकांत आणि एकाकीपणा ही दोन भिन्न आहेत. एकांत साधक आपणहून स्वीकारतो. त्याला गुरूचे व मार्गाचे पाठबळ असते, आणि चूक घडली तर ती कोठे जाऊन सांगावी हे त्यास ठाऊक असते. एकाकीपणा मनुष्यावर कोसळतो. घरात दहा माणसे असून ज्याला आपली गोष्ट सांगता येत नाही, तो एकाकी होय. पहिल्यात चित्त निवते, दुसऱ्यात ते कुढते. दोहोंस एकच नाव देऊन कुढणाऱ्या माणसास 'एकांत सेवा' असे सांगणे हा अर्थाचा अनर्थ आहे, आणि आजऱ्यास आमच्या हातून नेमका तोच घडला.

३. रिद्धपूरचे उदाहरण

या विषयास आपल्या परंपरेत एक मोठे उदाहरण आहे. ते वारंवार सांगितले जाते, परंतु बहुधा ग्रंथनिर्मितीच्या अंगाने. येथे ते दुःखाच्या अंगाने पाहावयाचे आहे.

सर्वज्ञांनी उत्तरापंथे बीजे केल्यानंतर भक्तपरिवारावर असन्निधानाचे जे दुःख कोसळले, ते सामान्य नव्हते. श्रीनागदेवाचार्य अर्थात भटोबास हे शोकाने विकल झाले. रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानाने त्या शोकास काही आधार लाभला. परंतु तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात श्रीप्रभूंचेही सन्निधान अंतरले आणि परिवार पुनः निराधार झाला. अशा स्थितीत रिद्धपूरच्या वाजेश्वरीत भटोबास लीळांचे स्मरण करीत बसलेले असत. परंपरा सांगते की पंडित म्हाइंभटांनी त्यांस पाहिले, काय करीत आहात असे विचारले, आणि त्या विचारण्यातून लीळा सांगण्याचा व लिहिण्याचा उपक्रम सुरू झाला. पुढे म्हाइंभट गावोगावी हिंडले, ज्यांनी स्वामींस पाहिले होते त्यांना भेटले, त्यांच्याकडून ऐकत गेले. आणि मराठी गद्याचा आद्य ग्रंथ 'लीळाचरित्र' सिद्ध झाला.

अभ्यासकांनी येथे तीन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली, म्हाइंभटांनी प्रथम प्रश्न केला. ते स्वतः मोठे शास्त्री होते. शोक करू नका, असे सांगणारी शेकडो वचने त्यांस मुखोद्गत असणार. तरीही त्यांनी भटोबासांस बोलते केले आणि स्वतः ऐकणाऱ्याच्या जागी बसले. दुसरी, ऐकताना त्यांनी सांगणाऱ्यांची साक्ष आपल्या मताप्रमाणे वळवली नाही. एकच लीळा दोघांनी वेगळी सांगितली तर ते वेगळेपण पुसून न टाकता वासनाभेद म्हणून नोंदवण्याची आपल्या ग्रंथपरंपरेची रीत अभ्यासकांस माहीत आहेच. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की ते बोलणे शोकाच्या भोवती फिरत राहिले नाही. त्याला एक कार्य मिळाले. जे गमावले त्याचे स्मरण पुढील पिढ्यांसाठी जतन करावयाचे, या कार्याने दुःखाला दिशा आली. दुःख नाहीसे झाले असे कोणी म्हणणार नाही. पण ते वाहते झाले.

४. गिरणगावातील खोली

आता पुनः आजऱ्याकडे येऊ. आजरा, चंदगड, गडहिंग्लज या भागांतील सहस्रावधी माणसे पोटासाठी मुंबईच्या गिरणगावात गेली. एकेका गावाच्या मंडळाची तेथे खोली असे. एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस गडी पाळ्यांप्रमाणे राहत; एक पाळीवर गेला की दुसरा त्याच जागी अंग टाकी. जागेची अडचण, उकाडा, घरापासूनची ताटातूट हे सर्व होते; परंतु गावाकडचे पत्र आले तर ते मोठ्याने वाचणारा कोणी असे, आणि वाचल्यावर चेहरा उतरला तर 'काय झालं रं?' असे विचारणाराही असे. त्या खोल्यांचे हे कार्य कोणी ठरवून दिलेले नव्हते. ते सहवासातून आपोआप घडत होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात होते. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र हळूहळू बंद पडत गेल्या आणि असंख्य माणसे बिछाना गुंडाळून गावी परतली. त्यांचा रोजगार गेला हे सर्वांनी पाहिले. त्या रोजगाराबरोबर त्यांची विचारणारी माणसेही गेली, याची नोंद मात्र फारशी झाली नाही. गावातील घरात तो कर्ता पुरुष होता. कर्त्याने रडू नये, घाबरू नये, अशी रूढी. ज्याने मुंबईत तीस जणांत मन मोकळे केले, तोच मनुष्य स्वतःच्या सोप्यात बसून मुका झाला.

आमचे गृहस्थ असेच मुके झालेले होते. सातव्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. सोप्यात घोंगडीवर बसलो आणि या खेपेस एकही वचन सांगावयाचे नाही असा मनाशी निश्चय केला. पुष्कळ वेळ पाऊस पडत होता तो ऐकला. मग आम्ही एवढेच म्हणालो, "चार दिवस तुम्ही आमचे ऐकलेत. आज आम्ही ऐकावयास आलो आहोत." ते सुमारे दोन घटका बोलत होते. शेजारच्या एका माणसाच्या कर्जास ते जामीन राहिले होते. कर्जदार गाव सोडून गेला आणि वसुलीची नोटीस यांच्या नावाने आली. ती त्यांनी घरातल्या कणगीत भाताखाली लपवून ठेवली होती. तीन महिने ते नित्य रात्री उठून कणगीपाशी जात, नोटीस आहे ना ते पाहत, आणि परत येऊन छताकडे बघत पडत. जमीन जाईल, मुलगे तोंडावर थुंकतील, पत्नीस उतारवयात परक्याच्या बांधावर जावे लागेल, हेच तीन विचार एकामागून एक येत. शेवटी, आपण नसलेलेच बरे, असा चौथा विचार येऊ लागला होता. हे सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता. पाचव्या दिवशी ते निरूपणास का आले नाहीत, हे आम्हास तेव्हा कळले, आणि हातपाय गार पडले.

५. आधुनिक अभ्यासकांचे निरीक्षण

येथे प्रश्न येतो की बोलण्याने नेमके होते काय? नोटीस तर कणगीत होती तेथेच राहिली. या प्रश्नावर गेल्या चाळीस वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ परिश्रम केले आहेत.

अमेरिकेतील जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटे, आपल्या आयुष्यातील क्लेशकारक प्रसंगाविषयी लिहावयास सांगितले होते. लिहिल्यानंतर लगेच ती मुले अधिक खिन्न झाली. परंतु ज्यांनी घडलेली हकीकत आणि तिच्यासंबंधीची भावना ही दोन्ही लिहिली, त्यांच्या पुढील सहा महिन्यांतील दवाखान्याच्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. २००७ साली मॅथ्यू लीबरमन व सहकाऱ्यांनी असे दाखवले की क्रुद्ध किंवा भयभीत चेहऱ्याचे चित्र पाहताना त्या भावनेस शब्दाने नाव दिले, तर भयाच्या जाणिवेशी निगडित असलेल्या मेंदूतील बदामाच्या आकाराच्या भागाची चाळवाचाळव मंदावते. अनामिक भयाला नाव मिळाले म्हणजे ते मापात येते, असा याचा सुबोध अर्थ. कणगीतली नोटीस रात्री डोंगराएवढी असते. 'अमुक इतके रुपये, अमुक मुदत' असे शब्द उच्चारले की ती कागदाएवढी होते.

आजऱ्याहून आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडीवरून गोव्यास जाता येते. त्या गोव्यात 'संगाथ' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तीव्र खिन्नतेने ग्रासलेल्या सुमारे ५०० रुग्णांपैकी अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी मिळाल्या. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. मनोविकाराचे पूर्वशिक्षण नसलेली, परंतु या कामासाठी तयार केलेली स्थानिक माणसे होती. तीन महिन्यांनी त्या गटातील ६४ टक्के रुग्ण खिन्नतेच्या बाहेर आले होते; दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. या भेटींत ऐकून घेणे होते, तसेच थांबलेली कामे थोडी थोडी पुनः सुरू करणेही होते, हे विसरू नये.

याहून हृदयस्पर्शी गोष्ट अमरावती जिल्ह्याची आहे, ज्या जिल्ह्यात आपले रिद्धपूर आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या त्या भूमीत ३० गावांमधून 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रकाशित झाले. गावातीलच आरोग्यसेवक घरोघरी जात, ताणाविषयी बोलत, ऐकत, आणि आवश्यक तेथे समुपदेशकाकडे अथवा मनोविकारतज्ज्ञाकडे पोहोचवीत. खिन्नतेने ग्रस्त असलेल्यांपैकी आरंभी केवळ ४.३ टक्के लोक कोणाची मदत घेत होते. १८ महिन्यांनंतर हे प्रमाण २७.२ टक्के झाले. गेल्या वर्षभरात आत्मघाताचे विचार आले असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी दुसरी गावे घेतलेली नसल्याने सर्व श्रेय या कार्यक्रमासच द्यावे असे शास्त्रज्ञ म्हणणार नाहीत; तथापि दिशा स्पष्ट आहे.

आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून दवाखान्याच्या आवारात, झाडाखाली, एक लाकडी बाक मांडण्याची योजना केली. बाकावर प्रशिक्षित आजीबाई बसते आणि आलेल्याचे ऐकते. तेथील शोना भाषेत या मनोव्यथेस 'कुफुंगिसिसा' म्हणतात. अर्थ, अति विचार करणे. आपल्या गावातील म्हातारी 'लई इचार करतोय त्यो' असे म्हणते, तेव्हा ती तेच निदान करीत असते.

६. आवर्त आणि प्रवाह

येथवर वाचून कोणी म्हणेल की मग बोलत सुटावे, म्हणजे झाले. तसे नाही. नदीत दोन गती असतात. एक प्रवाहाची आणि दुसरी आवर्ताची, म्हणजे भोवऱ्याची. दोन्ही ठिकाणी पाणी हलते. पण प्रवाहात पडलेली काटकी पुढे जाते, भोवऱ्यातली तेथेच फिरत राहून बुडते. बोलण्याचेही असेच आहे.

२००२ साली अमांडा रोझ यांनी शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जे मित्र एकमेकांपाशी तीच ती अडचण पुनःपुन्हा उगाळत बसतात, त्यांची मैत्री अधिक घट्ट असते, परंतु त्यांच्या ठिकाणी खिन्नता व चिंताही अधिक आढळते, असे त्यात दिसले. बेल्जियममधील बर्नार रिमे यांनी दाखवले की माणसे आपला बहुतेक प्रत्येक भावनिक प्रसंग कोणापाशी तरी बोलतात, त्याने बरे वाटल्याचेही सांगतात, परंतु नुसत्या सांगण्याने दुःखाची तीव्रता उतरते असे आढळत नाही. ती उतरण्यासाठी प्रसंगाकडे पाहण्याची दृष्टी बदलावी लागते. तसेच अपघातातून किंवा आपत्तीतून नुकत्याच वाचलेल्या मनुष्यास एकाच बैठकीत सर्व काही बोलावयास लावण्याची जी पद्धत रूढ झाली होती, तिचा २००२ मध्ये साकल्याने आढावा घेतला असता तिचा उपयोग दिसून आला नाही. काही ठिकाणी तर अपायच दिसला. म्हणून ओढून काढलेले निवेदन हे निवेदन नव्हे. फळ पिकले की देठापासून सुटते. हिसकले तर फांदी मोडते.

'दृष्टान्तपाठा'तील जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टान्त येथे आठवावा. जो ज्या अवयवास हात लावतो, त्यास तेवढाच हत्ती. दुःखी मनुष्याचेही तसेच असते. भय त्याला दुःखाच्या एकाच अंगावर खिळवून ठेवते. श्रोत्याने त्याचा हात झिडकारून 'हा हत्ती नव्हे' असे म्हणावयाचे नसते. त्याच्या शेजारी उभे राहून आपला हात दुसऱ्या अंगावर ठेवावयाचा असतो, आणि मग त्याचा हात हळूच तेथे न्यावयाचा असतो. आमच्या गृहस्थांस आम्ही एवढेच विचारले, "ही नोटीस तुमच्या मुलाने पाहिली तर तो काय म्हणेल असे वाटते?" ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आधी का सांगितलं न्हाईसा, म्हणंल." या उत्तरात मुलगा तोंडावर थुंकत नव्हता. भोवरा तेथे सुटला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कणगीतून नोटीस काढून पत्नीच्या हाती दिली. मुलगा मुंबईहून आला, पतसंस्थेत जाऊन बोलला, हप्ते बांधून मिळाले. झोपेसाठी व खिन्नतेसाठी डॉक्टरांचे औषध काही महिने घ्यावे लागले, तेही त्यांनी घेतले. कर्ज अद्याप फिटलेले नाही. परंतु रात्री कणगीपाशी जाणे थांबले आहे.

७. श्रोत्याचे धर्म

या विवेचनावरून श्रोत्याची जी कर्तव्ये निष्पन्न होतात, ती अभ्यासाच्या सोयीसाठी क्रमाने देतो.

पहिले, प्रथम ऐकावे, मग बोलावे. आणि विचारल्यावाचून उपदेश करू नये. उत्तम वचनही अवेळी सांगितले तर दार लावल्यासारखे होते.

दुसरे, दुःखाची लिपी ओळखावी. आपल्या पूर्वाचार्यांनी ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले. किल्ली ज्याच्यापाशी नव्हती त्याला ती अक्षरे निरर्थक वाटली. दुःखी मनुष्यही असाच लिपीत बोलतो. 'झोप नाही', 'अन्न गोड लागत नाही', 'डोके जड आहे' हे शब्द तेवढेच नसतात. त्यामागे काय आहे हे विचारल्यावाचून कळत नाही.

तिसरे, ऐकलेले गुप्त राखावे. ज्या गावात गुपित राहत नाही, त्या गावात कोणी बोलत नाही. मात्र जिवास धोका असेल तेथे एकट्याने गुपित धरून बसू नये. घरच्या विश्वासू माणसास व डॉक्टरांस सामील करून घ्यावे.

चौथे, तुलना करू नये. 'याहून मोठी दुःखे लोकांनी सोसली' असे म्हटल्याने दुःख लहान होत नाही, केवळ बोलणे बंद होते.

पाचवे, आत्मघाताची शंका आली तर स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने मनुष्यास सुटल्यासारखे होते. अशा मनुष्यास एकटे सोडू नये. १४४१६ या क्रमांकावर शासनाची 'टेली मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती विनामूल्य असून अहोरात्र उपलब्ध आहे आणि मराठीतूनही बोलता येते. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरावे आणि त्यास शिक्षा न करता त्याची शुश्रूषा व्हावी, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही सांगितले आहे.

सहावे, बोलण्याच्या शेवटी एक लहान पाऊल ठरवावे. कोणास भेटावयाचे, कोणता कागद काढावयाचा, उद्या सकाळी काय करावयाचे. पाऊल कितीही लहान असो, त्याने आवर्ताचा प्रवाह होतो.

८. उपसंहार

स्मरणाचे माहात्म्य या लेखाने उणे होत नाही. आजऱ्याच्या त्या गृहस्थांचे स्मरण आजही चालू आहे, आणि आता ते त्यात रमतात. परंतु कोंडलेल्या मनास स्मरणही करता येत नाही. त्या चार दिवसांत ओठांनी नाम चालले होते आणि चित्त कणगीपाशी होते. दार उघडल्यावर मगच घरात दिवा नेता येतो.

महदाइसांच्या जिज्ञासेचे आपल्या परंपरेत कौतुक आहे. त्या सदैव काही ना काही विचारीत, आणि विचारण्यासाठी त्यांस जागा होती, ऐकणारे सर्वज्ञ होते. आज आपल्या आश्रमांत, मंदिरांत, घरांत ती जागा आहे काय, हा प्रश्न आपण प्रत्येकाने स्वतःस विचारावा. निरूपण करणारे पुष्कळ आहेत. निरूपण संपल्यावर जो मनुष्य उठत नाही, बसून राहतो, त्याच्याकडे लक्ष असावे. तो काही सांगावयास थांबलेला असतो. आम्ही चार दिवस ते पाहिले नाही. पाचवा दिवस आला, पण सुदैवाने तो अखेरचा ठरला नाही. प्रत्येक वेळी असे सुदैव लाभेलच असे नाही. यास्तव हा दोष येथे लिहून ठेवला आहे.

स्वाध्यायासाठी प्रश्न

१) एकांत आणि एकाकीपणा यांतील भेद स्वतःच्या पाहण्यातील उदाहरणाने स्पष्ट करा.
२) वाजेश्वरीतील प्रसंगात म्हाइंभटांनी श्रोता म्हणून काय केले आणि काय केले नाही?
३) आवर्तरूप बोलणे व प्रवाहरूप बोलणे कसे ओळखावे?
४) या आठवड्यात आपल्या परिचयातील एका मनुष्याचे, उपदेश न करता, पूर्ण ऐकून घ्या. काय कठीण गेले ते स्वतःपुरते लिहून ठेवा.

दंडवत प्रणाम.